सहा बाटल्या, सहा संध्याकाळी: परवडणाऱ्या युरोपीय रेड वाइनची तुलना करायची कशी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही सुपरमार्केटमधून ५ ते १० युरोंच्या सहा बाटल्या आणल्यात: फ्रान्सची कोत द्यु रोन आणि बोर्दो, स्पेनची रिओहा क्रियांसा, इटलीची कियांती आणि मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो, पोर्तुगालची दाऊं. रोज एक उघडलीत, जेवणाबरोबर प्यायलात, वहीत दहापैकी गुण लिहिलेत. कोत द्यु रोनला ८ मिळाले, कियांतीला ४, पुढे शेरा 'फारच आंबट'. मग ओट्यावर उरलेली कोत द्यु रोन पाच दिवसांनी पुन्हा चाखलीत तर तिला ३. आता विचारताय, या पैशांत खरी चांगली कुठली, आणि आपली जीभच कामातून गेली आहे का?

जीभ शाबूत आहे, काळजी नको. वीस-एक वर्षं रेस्टॉरंटांसाठी वाइन निवडायचं काम करतोय. नवख्या माणसाच्या वहीत मला जवळजवळ दर वेळी हेच दिसतं: गुण वाइनच्या नावावर लिहिलेले असतात, पण मोजलेली असते ती संध्याकाळ. एका दिवशी बाटली तापलेल्या स्वयंपाकघरातली, दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलेली. एका दिवशी समोर चीज, दुसऱ्या दिवशी काहीतरी तिखट. कधी कडकडून भूक, कधी सर्दी. यातलं काहीच लिहून ठेवलेलं नसलं की ८ आणि ४ या आकड्यांचं करायचं काय ते खुद्द लिहिणाऱ्यालाही कळत नाही. त्यात तुमच्या सहा बाटल्यांत प्रदेश वेगळा, द्राक्षाचा वाण वेगळा, साल वेगळं, लाकडी पिंपात मुरण्याचा काळ वेगळा. सगळंच एकदम बदललं तर फरक कशाने पडला हे मलाही सांगता येणार नाही.

'चांगली कुठली' याचं उत्तर तुम्ही ती कशासाठी घेताय यावर ठरतं. त्याकडे शेवटी येतो. आधी तुलनेचं बघू.

सुरुवात तापमानापासून, कारण स्वस्त रेडची सगळ्यात जास्त बदनामी तेच करतं. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला जुन्या दगडी घरांच्या काळातला. तिथल्या खोलीत १६-१७ अंश म्हणजे बरं तापमान. आजच्या हीटर लावलेल्या घरात २२-२३ सहज असतात. त्या तापमानाला अल्कोहोल भराभर उडतं, नाकात झोंबतं, आणि वाइन सैल, गुळचट लागायला लागते. उलट थेट फ्रिजमधून काढून पाच-सहा अंशांना चाखली तर गंध मिटून जातो आणि आंबटपणा, तुरटपणा, कडवटपणा तेवढे पुढे येतात. महागड्या वाइनमध्ये इतका ऐवज असतो की ती या छळातूनही थोडीफार तग धरते. ७ युरोंच्या बाटलीकडे तेवढी शिल्लक नसते.

माझा हिशोब सोपा आहे. बोजोलेसारख्या हलक्या वाइन १२ ते १४ अंश, रिओहा, कियांती, कोत द्यु रोन १५ ते १७, जाडजूड काही असेल तर १८. त्याच्यावर काहीच नाही. २२ अंशांच्या खोलीतली बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली की काम होतं, आणि घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्यात पाच-सात मिनिटं पुरतात. एक साधा स्वयंपाकघरातला थर्मामीटर घ्या आणि ग्लासातल्या वाइनमध्ये बुडवा, कारण बाटलीला हात लावून अंदाज बांधणारे (मीही त्यातलाच होतो) हमखास चुकतात. विश्वास बसत नसेल तर एकाच बाटलीतून दोन ग्लास भरा, एक २२ अंशांना आणि एक १६ ला, आणि कोणाला तरी न सांगता चाखायला द्या. दोन वेगळ्या बाटल्या आहेत असं छातीठोकपणे सांगणारे मी कितीतरी पाहिलेत.

तुमच्या ३ गुणांच्या कोत द्यु रोनचं रहस्यही यातच थोडं आहे. बाकीचं हवेत आहे. अर्धी भरलेली बाटली पाच दिवस ओट्यावर राहिली म्हणजे आत तेवढीच हवा होती, आणि त्या हवेने फळाचा ताजेपणा खाऊन टाकला. तुम्ही ३ गुण दिलेत ते त्या वाइनच्या अवशेषांना. यापुढे बाटली उघडल्या उघडल्या एक करा: ३७५ मिलीलीटरची फिरकीच्या झाकणाची लहान बाटली स्वच्छ धुऊन ठेवलेली असू द्या, तिच्यात वाइन अगदी गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा, फ्रिजमध्ये ठेवा. हवेला जागाच उरत नाही. चार-पाच दिवसांनी काढली तरी ती ओळखीची लागते. पंप, गॅस, काय काय उपकरणं मिळतात; मी घरी अजून ही लहान बाटलीच वापरतो.

आता मुख्य गोष्ट. सहा बाटल्या एकेक करून सहा दिवस उघडण्यापेक्षा दोन-दोन उघडा, शेजारी शेजारी. आणि जोडी अशी लावा की शक्यतो एकच गोष्ट वेगळी असेल. एकटी वाइन चाखताना डोक्यात फक्त 'आवडली' किंवा 'नाही आवडली' एवढंच येतं. दुसरा ग्लास शेजारी आला की 'ही त्यापेक्षा तुरट', 'त्यात वास जास्त पण लगेच विरतो' अशी वाक्यं आपसूक सुचतात.

मला शिकवायला सगळ्यात आवडणारी जोडी रिओहाची आहे. एकाच उत्पादकाची, लाकडात न ठेवलेली तरुण वाइन आणि त्याचीच क्रियांसा. रिओहाच्या नियमाप्रमाणे क्रियांसा रेडला किमान दोन वर्षं मुरवावी लागते आणि त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात जावं लागतं. रिझर्व्हाला तीन वर्षं, ग्रान रिझर्व्हाला पाच. म्हणजे या दोन ग्लासांत माणूस तोच, प्रदेश तोच, वाण बहुतेक तोच तेम्प्रानियो. फरक लाकडाचा आणि काळाचा. पहिल्यात स्ट्रॉबेरी-चेरी उघडपणे समोर येतात. दुसऱ्यात व्हॅनिला, थोडं खोबरं, फळ जरा मागे, आणि कडा गोलावलेल्या. खोबऱ्याचा वास अमेरिकन ओकमधून येतो, जो रिओहात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. दोन बाटल्यांना मिळून १५ युरोंच्या आत काम होतं, आणि 'ओकी' म्हणजे काय हे पुन्हा कोणाला विचारावं लागत नाही.

दुसरी जोडी तुमच्या आवडत्या कोत द्यु रोनची. तिचा कणा ग्रनाश नावाच्या वाणाचा, जोडीला सिराह आणि मूर्व्हेद्र. हाच ग्रनाश स्पेनमध्ये गार्नाचा म्हणून ओळखला जातो, आणि काम्पो दे बोर्खा किंवा कालातायुद या आरागॉनमधल्या भागांतून त्याच्या बाटल्या फार स्वस्तात मिळतात. दोन्ही शेजारी ठेवल्या की त्या लाल फळाची, किंचित मिरीची, उबदार अल्कोहोलची घराण्याची खूण ओळखू येते. एक सूचना: सिराहमधला मिरीचा वास ज्या रेणूमुळे येतो तो, रोटंडोन, साधारण पाचातल्या एकाला येतच नाही. २००८ साली हा रेणू ओळखणाऱ्या संशोधकांनाच हे आढळलं होतं. तेव्हा शेजारचा माणूस 'मिरी, मिरी' म्हणत असेल आणि तुम्हाला काहीच जाणवत नसेल, तर तुमचं नाक त्या पाचातल्या एकाचं असू शकतं. त्यात कमीपणा नाही.

तुमच्याकडच्या सहांच्याच जोड्या लावायच्या म्हटलं तर रिओहा आणि दाऊं एकत्र घ्या. दाऊंमध्ये तिंता रोरिझ असेल तर तो तेम्प्रानियोच आहे, पोर्तुगीज नाव लावलेला, आणि सोबत तोरिगा नासिओनाल वगैरे स्थानिक मंडळी. कोत द्यु रोन आणि बोर्दो एकत्र. कियांती आणि मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो एकत्र, आणि ही शेवटची जोडी तर मुद्दाम करा, कारण इथे दोन टोकं भेटतात. कियांतीत किमान ७० टक्के सांजोव्हेसे हा वाण असतो, आणि सांजोव्हेसे जात्याच आंबट. आब्रुत्सोची वाइन गडद, मऊ, काळ्या चेरीची, आंबटपणा कमी. तुमचा 'फारच आंबट' हा शेरा निरीक्षण म्हणून बरोबरच होता. फक्त तुम्ही त्याला दोष समजून गुण कापलेत. टोमॅटोच्या सॉसबरोबर हीच कियांती घेऊन पाहा. सॉसचा आंबटपणा वाइनच्या आंबटपणाला झाकून टाकतो आणि मागे लपलेली चेरी पुढे येते. आब्रुत्सोची तिथे बापुडवाणी लागते.

(जाता जाता नावाचा सापळा: मोंतेपुल्चानो हे द्राक्षाच्या वाणाचंही नाव आहे आणि तोस्कानातल्या एका गावाचंही. मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो म्हणजे त्या वाणाची, आब्रुत्सो प्रदेशातली वाइन. 'व्हिनो नोबिले दी मोंतेपुल्चानो' म्हणजे त्या गावची वाइन, आणि ती बनते मुख्यतः सांजोव्हेसेपासून. दोघींचा संबंध नाही. दुकानदारही गोंधळतात.)

ग्लास सारखेच हवेत, हा नियम मात्र कडक. महाग नकोत. वर निमुळता होत जाणारा कुठलाही चालेल, पण दोन्हींना तोच. प्रत्येकात ५० मिलीलीटर, जास्त नाही. एका बाटलीतून असे पंधरा वाटे निघतात, म्हणजे चार मित्र जमले तरी दोन बाटल्यांत भरपूर होतं. थुंकायला एक मग ठेवा. हसू नका. चौथ्या ग्लासानंतर सगळ्याच वाइन छान लागतात, आणि त्या अवस्थेत लिहिलेलं काहीही दुसऱ्या दिवशी उपयोगाचं नसतं.

क्रम हलक्याकडून जडाकडे. याचं कारण टॅनिन, म्हणजे वाइनला तुरट करणारा घटक. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, तोंडातला बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या खरखरीत लागतात. हा परिणाम घोटागणिक साठत जातो. त्यामुळे तुरट वाइननंतर आलेली हलकी वाइन पाण्यासारखी वाटते, आणि एकामागून एक तीन तुरट वाइन घेतल्या तर तिसरी उगाचच सगळ्यात रागीट ठरते. मध्ये साधा पाव, पाणी, आणि दोन मिनिटं थांबणं. एक फेरी झाली की उलट्या क्रमाने परत चाखा. दोन्ही वेळा मत तेच राहिलं तर त्यावर विसंबायला हरकत नाही.

आणि लिहायचं काय? इथे मराठी माणसाची चैन आहे, कारण आपल्याकडे 'तुरट' हा रोजच्या वापरातला शब्द आहे. घोट घ्या, तोंडात दहा सेकंद फिरवा, थुंका, तोंड मिटून मान थोडी खाली करा. जिभेखाली लाळेची धार सुटली तर तो आंबटपणा. जितका वेळ सुटत राहील तितका जास्त. ओठांची आतली बाजू आणि हिरड्या कोरड्या, वाळूच्या कागदासारख्या झाल्या तर तो तुरटपणा. बराच वेळ उकळलेला बिनदुधाचा चहा आठवा, किंवा अक्रोडाच्या गरावरची पातळ साल. घशाखाली ऊब उतरली तर ते अल्कोहोल. 'आंबट', 'तुरट' आणि 'कडू' यांची गल्लत केली नाहीत तर निम्मं काम झालं. तुमच्या वहीत 'हार्श' हा शब्द चार ठिकाणी आहे; तो खोडा आणि तिथे या तिघांतलं नक्की कोण होतं ते लिहा.

माझ्या वहीत प्रत्येक वाइनला चारच ओळी असतात. पहिली: वास येतो का, आणि फळाचा की लाकडाचा की आणखी कशाचा. दुसरी: आंबट, तुरट, ऊब, यांत कोण पुढे. तिसरी: घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते, आणि रेंगाळते ती सुखाची की नुसता कडवटपणा. हे सेकंदांत मोजता येतं. साध्या वाइनमध्ये चार-पाच सेकंदांत सगळं संपतं, आणि ८ युरोंची एखादी दहा-बारा सेकंद टिकली तर मी खुर्चीत सरसावून बसतो. चौथी ओळ: आणखी एक ग्लास घेईन का. लिचीचा वास, सिगारच्या डबीचा वास असलं काही सुचलं तर लिहावं, नाही सुचलं तर ओढूनताणून लिहू नये. दहापैकी गुण मी घरी देतच नाही. कामासाठी द्यावे लागतात तेव्हा वीसपैकी देतो, आणि त्याचीही एक फजिती सांगतो.

एका यादीसाठी चाळीस वाइन झाकून चाखायच्या होत्या. मांडणाऱ्याने एकच वाइन मुद्दाम दोनदा ठेवली होती, सातव्या आणि एकतिसाव्या जागी. मी सातवीला १५ दिले. एकतिसावीला १२, आणि पुढे लिहिलं, 'आखूड, जरा कोरडी, फळ कुठे आहे?' दोन्ही एकाच बाटलीतल्या. झालं होतं असं की तिसावी वाइन दक्षिण इटलीची प्रिमितिव्हो होती, मुरंब्यासारखी गोडसर आणि भरगच्च. तिच्यानंतर बिचारी साधी वाइन उपाशी दिसली. तेव्हापासून फार जड किंवा गोडसर वाइन आली की मी पुढच्या वाइनआधी पाच मिनिटं उठून जातो.

झाकून चाखणं घरीही सोपं आहे. बाटल्यांना मोजे घाला किंवा कागदी पिशवीत गळ्यापर्यंत बांधा. पण बाटलीचे खांदे लपत नाहीत. बोर्दोची उभट खांद्यांची बाटली आणि उतरत्या खांद्यांची बाटली मोज्यातूनही ओळखू येते, तेव्हा उत्तम म्हणजे दुसऱ्या खोलीत कोणीतरी ग्लास भरून, बुडाला चिठ्ठी चिकटवून आणावेत. 'मला लेबलाने फरक पडत नाही' असं वाटत असेल तर बोर्दोमधला तो प्रयोग लक्षात घ्या, २००१ साली प्रसिद्ध झालेला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, आणि त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. नुसत्या रंगाने एवढं होतं, तर किंमतीच्या चिठ्ठीने काय होत असेल.

याहून कडक परीक्षा हवी असेल तर तीन ग्लासांची करा: दोघांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या नशिबाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून पाच-सहा वेळा करायची. ६ युरोंची आणि ११ युरोंची वाइन यांत तुम्हाला सातत्याने फरक ओळखू येत नसेल तर आनंदाने ६ युरोंची प्या. मी हे चेष्टेने म्हणत नाहीये.

आतापर्यंतचं एका दमात: तापमान मोजा, ग्लास सारखे ठेवा, जोडीने चाखा, हलक्याकडून जडाकडे जा आणि परत या, लेबल झाका, आंबट-तुरट-ऊब वेगळे लिहा. आता लेबल उघडून बघू, कारण दुकानात निवड करताना तेवढंच हातात असतं.

किमतीचं गणित असं की बाटली, बूच, लेबल, खोका, वाहतूक यांचा खर्च ४ युरोंच्या वाइनला आणि ९ युरोंच्या वाइनला जवळपास सारखाच येतो. त्यामुळे तळाशी वाढवलेला प्रत्येक युरो द्राक्षांवर आणि कारागिरीवर तुलनेने जास्त जातो. माझ्या अनुभवात ४ वरून ८ वर गेलात तर उडी मोठी असते, ८ वरून १२ वर गेलात तर लहान, आणि पुढे नावाचे पैसे सुरू होतात. पण हे देशावर अवलंबून आहे. स्पेन, इटली, जर्मनीत साध्या वाइनवर अबकारी कर शून्य आहे. आयर्लंडमध्ये तोच ७५ सेंटीलीटरच्या बाटलीमागे ३.१९ युरो, वर मूल्यवर्धित कर वेगळा. म्हणजे डब्लिनमध्ये १० युरोंची बाटली आणि माद्रिदमध्ये १० युरोंची बाटली यांत ओतलेल्या वाइनची किंमत फार वेगळी आहे. दुसऱ्या देशात राहणाऱ्याने सुचवलेली '७ युरोंतली अफलातून' वाइन तुमच्याकडे १३ ला दिसली तर तिच्यावर रागावू नका.

लाकडाचं गणितही करून बघण्यासारखं आहे. २२५ लीटरच्या पिंपातून ३०० बाटल्या निघतात. नवं फ्रेंच पिंप समजा ९०० युरोंचं धरलं तर बाटलीमागे ३ युरो झाले. मग ५ युरोंच्या बाटलीत व्हॅनिला आणि टोस्टचा एवढा दणका येतो कुठून? वाइनमध्ये बुडवलेल्या ओकच्या तुकड्यांतून. युरोपीय संघाने २००६ मध्ये त्यांना परवानगी दिली, त्यात बेकायदा काही नाही. पण तुकड्यांचा वास बहुधा वाइनवर तरंगत राहतो: नाकात व्हॅनिला, तोंडात काहीच नाही, शेवटी भुशाचा कडवटपणा. रिओहा क्रियांसा याला अपवाद वाटते, कारण तिथे जुनी पिंपं वर्षानुवर्षं फिरवून वापरतात आणि एका पिंपाचा खर्च बऱ्याच सालांवर पसरतो. दोन वर्षं सांभाळून मुरवलेली वाइन ७-८ युरोंत मिळणं ही मला आजही युरोपातली एक मोठी स्वस्ताई वाटते.

साखरेबद्दल थोडं सांगतो, कारण पाहुण्यांना 'मऊ' म्हणून आवडणाऱ्या बऱ्याच रेड खरं तर गोडसर असतात. युरोपात 'ड्राय', म्हणजे कोरडी, गोड नसलेली, म्हणायला लीटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि आंबटपणा पुरेसा असेल तर ९ पर्यंत. साध्या, बुडबुडे नसलेल्या वाइनच्या लेबलावर ड्राय की गोड हे लिहिण्याची सक्ती नाही. पण ८ डिसेंबर २०२३ नंतर बनवलेल्या वाइनला घटक आणि पोषणमूल्यं द्यावी लागतात, बहुतेक जण ती क्यूआर कोडमागे ठेवतात. तो स्कॅन करा आणि १०० मिलीलीटरमागे साखर किती ते बघा. ०.१ किंवा ०.२ ग्रॅम म्हणजे खरीखुरी कोरडी. १ ग्रॅम म्हणजे लीटरला १० ग्रॅम झाले. हा गोडवा टॅनिनच्या कडा झाकायला ठेवलेला असतो. कोरडी आणि गोडसर वाइन एका जोडीत लावू नका. पहिल्या घोटाला गोडसर जिंकतेच, आणि तिसऱ्या ग्लासाला तीच नकोशी होते.

'मिझं आं बुतेय ओ शातो', 'इंबोतिल्यातो आल्लोरिजिने' अशा शब्दांचा अर्थ वाइन जिथे बनली तिथेच बाटलीत भरली. दर्जाची हमी नव्हे, पण जबाबदार माणूस सापडतो. सालाकडे बोर्दोमध्ये जास्त लक्ष द्या: २०२१ थंड आणि अवघड गेलं, वसंतात गोठलेल्या दवाने झोडपलं, २०२२ उष्ण, कोरडं. तुमची बोर्दो २०२१ ची असेल आणि तिच्यात ढोबळी मिरचीचा हिरवा वास आला असेल तर ते न पिकलेल्या काबर्ने द्राक्षाचं लक्षण. दक्षिणेकडच्या स्वस्त वाइनमध्ये सालाचा एवढा फरक पडत नाही, जेवढी नवी तेवढी बरी.

दोषांबद्दल लांबण लावत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास आला आणि फळ गायब असेल तर ती बुचामुळे बिघडलेली ('कॉर्क्ड') बाटली, दुकानात परत करा. तिने अपाय होत नाही पण तिला गुण देऊ नका. काडी पेटवल्याचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर ग्लास जोरात फिरवून दहा मिनिटं थांबा, बहुतेक वेळा उडून जातो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगर ठळक असेल तर सोडून द्या. तबेल्याचा, चामड्याचा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. थोडा असला तर काहींना आवडतो. मला रोनमध्ये चालतो, इतरत्र नाही.

आता तुमचं 'कुठली घेऊ'. नुसती, गप्पा मारता मारता प्यायची असेल तर आब्रुत्सोची किंवा कोत द्यु रोन. किंवा बोजोले, ती १३ अंशांना. जेवणाबरोबर, आणि जेवणात टोमॅटो किंवा चरबीचं काही असेल, तर कियांतीला दुसरी संधी द्या. भाजलेल्या मटणाबरोबर रिओहा क्रियांसा. दाऊं मला या सहांत सर्वात कमी कौतुक झालेली वाटते, पण ती उघडल्यावर तासभर गप्प असते. तुम्ही तिला '५, विशेष काही नाही' लिहिलंय तिथे बहुधा घाई झाली. १० युरोंखालची बोर्दो मी स्वतः फार क्वचित घेतो, त्या नावाचे पैसे आधी जातात.

पुढच्या शनिवारी फक्त दोनच बाटल्या आणा, कियांती आणि आब्रुत्सो, दोन्ही १६ अंशांना, उघडल्याबरोबर अर्धी अर्धी लहान बाटलीत भरून फ्रिजमध्ये. जेवणाआधी अर्धा तास नुसत्या चाखा, चार ओळी लिहा. मग जेवणाबरोबर, पुन्हा चार ओळी. मंगळवारी लहान बाटल्या काढा, तिसऱ्यांदा लिहा. त्या बारा बारा ओळी इथे टाका, मग तुमच्या जिभेला काय हवंय ते मला बऱ्यापैकी सांगता येईल.